हरणवाला बाणात बसत नाही

चष्मेवाल्यांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं आणि दुकानात असताना त्यांच्याइतका खरा माणूस शोधून सापडला नसता. गिऱ्हाइकाला साधी काच पुरत असेल तर महागाची काच ते कधी त्याच्या गळ्यात मारत नसत. पण संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून हाच माणूस आपल्या इमारतीच्या फाटकातून आत आला, की धडधडीत थापा मारायला लागे. कारण फाटकाच्या आत गाड्या उभ्या असत.

त्या इमारतीत पंथ दोनच. गाडीच्या नाकावर धातूचं हरीण असलेले ते हरणवाले, आणि नाकावर बाण असलेले ते बाणवाले. रविवारी सकाळी सगळे बादल्या घेऊन खाली उतरत आणि फडकी पिळता पिळता एकमेकांना पिळून काढत. "हरणाचा पत्रा म्हणजे बिस्किटाचा डबा! बोट लावलं की पोचा," असं बाणवाले म्हणत. "असेल बाणाचा पत्रा जाड. पण सुटा भाग आजोबांनी मागवायचा नि नातवाने बसवायचा, त्याचं काय?" असं हरणवाले विचारत. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे गाडीच नव्हती, म्हणून निवाड्याचं काम त्यांच्याकडे. त्या गॅलरीत केस वाळवत दोन्ही बाजू ऐकून घेत, आणि "पुरावा अपुरा" एवढंच सांगून आत निघून जात.

नियम मात्र कडक होते. ज्याची गाडी ढकलताना दिसेल त्याने महिनाभर वादात तोंड उघडायचं नाही, आणि दुसऱ्या पंथाच्या गाडीत पाऊल ठेवायचं नाही. हा दुसरा नियम खुद्द चष्मेवाल्यांचा. ते हरणवाल्यांचे पुढारी. बाणवाल्यांचे पुढारी म्हणजे त्यांच्या शेजारच्याच दारातले मास्तर, जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दोघांना एकाच ठिकाणी जायचं असलं आणि हरीण रुसलेलं असलं, तरी मास्तर आपल्या बाणातून जात आणि चष्मेवाले बसने. वर थांब्यावरून हसून हात करत.

हरीण रुसलेलं असणं ही तर रोजचीच गोष्ट होती. गाडी थंडीत चालू होत नसे आणि उन्हात बंद पडे. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. चष्मेवाले गाडी नेहमी मागच्या फाटकाच्या उतारावर लावत. सकाळी ब्रेक सोडला, की ती आपल्या वजनाने घरंगळून चालू होई. "उतारावर लावली की टायर जास्त टिकतात," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत. बायकोच्या बाजूचं दार आतून उघडतच नसे. मग ते स्वतः उतरत, वळसा घालून जात आणि बाहेरून दार उघडत. सगळ्या इमारतीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणत, "शिका जरा त्यांच्याकडून!" चष्मेवालीणबाई आत बसून दात-ओठ खात. पण बाहेर बोलायची सोय नव्हती.

असं सगळं झाकूनपाकून चाललं होतं, तोच एका रविवारी मास्तरांनी बादली खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी हरलो. चष्मेवाल्यांचं इतकी वर्षं ऐकतोय. बाण विकतो आणि नवं हरीण घेतो."

हरणवाल्यांनी टाळ्या पिटल्या. वकीलबाई गॅलरीतून पहिल्यांदाच खाली वाकल्या. आणि चष्मेवाले पुसलेलंच बॉनेट पुन्हा पुसत राहिले. बायको गेल्यापासून मास्तर एकटे राहत होते. हा सरळ माणूस आपल्या थापांवर विसंबून चांगली धडधाकट गाडी विकणार आणि म्हातारपणी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा राहणार!

"सांगून टाका खरं," चष्मेवालीणबाई घरात म्हणाल्या.

"अगं, पण सगळे काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमचा तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, हे फार झालं. मास्तरांना खड्ड्यात घालणार का आता?"

तोंडाने सांगायचा धीर चष्मेवाल्यांना होईना. मग त्यांनी शक्कल लढवली. पुढच्या रविवारी मास्तरांना हरणातून एक चक्कर मारून आणायची. गाडी स्वतःच आपले गुण उधळील, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. मास्तर घेणारे गिऱ्हाईक होते, म्हणून त्यांच्यापुरता न बसायचा नियम सगळ्यांनी शिथिल केला. सोबत बायकोलाही मागे बसवलं, साक्षीला.

मुद्दाम सपाटीवर लावलेली गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. चष्मेवाल्यांना वाटलं, असेल एखादे वेळी. त्यांनी ती टेकडीच्या चढावर घातली, जिथे ती आजवर एकदाही न धापा टाकता चढली नव्हती. ती गाणं म्हणत चढली. त्यांनी सात-आठ वेळा डावीकडे वळवली. हॉर्न गप्प. शेवटी इमारतीत परत आल्यावर ते हटून जागेवरच बसून राहिले, की आता मास्तर निदान दारात तरी अडकतील. मास्तरांनी आतली कडी ओढली आणि दार अलगद उघडून ते खाली उतरले.

"वा!" मास्तर म्हणाले. "लोण्यासारखी चालते."

"माझ्यासाठी मेलं एकदा नाही उघडलं!" मागून बायको ओरडली. "एकदा नाही!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता मास्तर उद्याच सौदा करणार. चष्मेवाले मास्तरांना हाताला धरून मागच्या उतारापर्यंत घेऊन गेले, कठड्यावर बसवलं आणि डोळे मिटून सगळं ओकून टाकलं. थंडीचं सांगितलं, हॉर्नचं सांगितलं, दाराचं सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गॅरेज आहे आणि तिथला मिस्त्री आपल्याला घरच्यासारखं मानतो, हेही सांगितलं. "आजच्या दिवसावर जाऊ नका, मास्तर. आज तिने माझ्यावर सूड उगवला. हरीण घेऊ नका. मी आयुष्यभर खोटं बोललो."

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चष्मेवाले, मी भूगोलाचा मास्तर. माणूस वर्षानुवर्षं गाडी उतारावरच का लावतो, हे मला कळत नसेल?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या इमारतीला माहीत आहे. तुमचा हॉर्न वाजला की वकीलबाई म्हणतात, आले, डावीकडे वळले."

चष्मेवाल्यांचं पितळ असं कधीचंच उघडं पडलेलं होतं, फक्त त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. "मग जाणूनबुजून असला डबा का घेताय?"

मास्तरांनी उतारावरचा एक खडा चपलेने खाली ढकलला.

"ही दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही रोज डबा घेऊन यायचात," ते म्हणाले. "मी गाडीतून पुढे आणि तुम्ही बसने मागून. निघतानाही तसंच. जाताना काही वाटायचं नाही हो. पण येताना फार जड जायचं. शेजारची सीट रिकामी, आणि थांब्यावर तुम्ही हात करताय. शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्ही बसनेच आलात. म्हटलं, आता मीच हरीण घ्यावं. मग तरी शेजारी बसाल."

रोज डबा पोहोचवला म्हणून चष्मेवाले इतके दिवस मनातून स्वतःवर खूश होते. आता त्यांना स्वतःचा असा राग आला, की उठून दोन मुस्काटात लगावाव्यात. ते उठले खरे. सरळ पुढच्या आवारात गेले, मास्तरांच्या बाणाचं दार उघडलं आणि सगळ्यांच्या देखत आत जाऊन बसले. बादल्या होत्या तिथेच थांबल्या.

"अहो, कुठे जायचंय?" मागोमाग धापा टाकत आलेल्या मास्तरांनी विचारलं.

"कुठेही न्या. आणि हरीणबिरीण काही घ्यायचं नाही."

गाडी निघाली. नाका आला. मग चष्मेवाले म्हणाले, "गिअर जरा जडच आहे हं तुमचा."

"जड नाही, भक्कम आहे."

"आणि ही सीट? फळीवर बसल्यासारखं वाटतंय."

"तुमच्या पाठीला पोक आलाय, त्याला माझी सीट काय करणार?"

दोघे असे भांडत तळ्यापर्यंत गेले, वळसा घालून परत निघाले आणि भांडण रंगात आलेलं असतानाच इमारतीचं फाटक दिसायला लागलं. मास्तरांनी वेग कमी केला.

"अजून एक फेरी मारू?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"मारा," चष्मेवाले म्हणाले.