हौदात भिजलेली हलगी

दर शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरातले डबे थरथरतात. नात मिरजेहून माझ्याकडे कुंडलला राहायला आली आहे. तिकडे खालच्या मजल्यावरचे भाडेकरू तिच्या स्पीकरला वैतागले होते. इथं शेजाराला म्हशी आहेत आणि त्यांची काही तक्रार नाही. कंपनीचं काम ती घरूनच करते आणि उरलेल्या वेळात 'ड्रम अँड बेस' ऐकते. नवी गाणी शुक्रवारी बाहेर पडतात म्हणे. मी देवीपुढं गूळ-फुटाणे ठेवते, ती स्पीकर ठेवते.

आधी मला तो नुसता दणका वाटायचा. मग कान सरावला. वर ढोल पळत असतो, मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके, आणि खालचा बेस मात्र निम्म्या चालीनं, निवांत. दोन ट्रॉल्या ऊस ओढत ट्रॅक्टर येतो, तेव्हा तो कानाआधी तळपायाला कळतो, तसा.

एका शुक्रवारी तिनं तीन गाणी ऐकवली. पहिल्यातला बेस घसा बसलेल्या माणसासारखा घोगरा होता. दुसऱ्यात सगळं एकदम थांबलं, माझा थापता हात वरच राहिला, आणि मग ठोके असे कोसळले की भाकरीला भोक पडलं. तिसरं तिनं स्वतः केलेलं होतं. ते पुढच्या शुक्रवारी बाहेर पडणार होतं.

"कसं झालंय, आजी?"

"खालचं झ्याक हाय. पण ढोलाचं कातडं गार हाय. कुणी शेकलेलं न्हाई."

ढोल कंप्युटरातला, त्याला कातडं कुठलं? पण पोरीनं पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "खरंच मऊ वाजतंय गं. तुला कसं कळलं?"

"तुझी आई हलगी शेकायची, तवा ऐकलंय."

मी बोलून गेले आणि तवा उतरवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

"माझी आई? ती तर म्हणते, तिला ठेक्यातलं काही कळत नाही. माझं एक गाणं शेवटपर्यंत ऐकत नाही ती."

मग सांगावंच लागलं. मी तिशीची होते. मालक फौजेत, घरात माझं राज्य, आणि चार माणसं काय म्हणतील एवढाच माझा अभ्यास. त्यात पहिला नंबर. लेक दहा वर्षांची. गावच्या कडेला राहणाऱ्या हलगीवाल्या आजोबांकडं ती शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. त्यांनी आपली जुनी हलगी तिला दिली. उसाचं पाचट पेटवून ती कातडं शेकून ताणायची, बोटानं टिचकी मारून बघायची, आणि टण् असा आवाज आला की वाजवायचं टिपरू घ्यायची. चांगलं वाजवायची हो. हातातलं काम टाकून मी दाराआड उभी राहायची. आणि तीच मी बाहेर येऊन ओरडायची.

आमच्या लग्नात त्या आजोबांची हलगी दारात हवी, पण घरात नको, असली आमची अब्रू. एका दुपारी ती शाळेत असताना मी हलगी आमच्या तेव्हाच्या म्हशींच्या हौदात बुडवली. कातडं फुगून लोंबल्यावर काढली आणि होती तिथं टांगली. 'वळवाच्या सरीत भिजली असंल,' असं सांगितलं. केवढी हुशार बाई! पोरीनं घाईघाईनं जाळ केला, हलगी फार जवळ धरली आणि कातडं टर्रकन फाटलं. "माझ्यानंच फाटली," म्हणून ती रडली. मी तिला गूळ दिला. खरं सांगितलं नाही.

नातीनं स्पीकर बंद केला. मग म्हणाली, "रविवारी आई येतेय. तू सांगतेस का मी सांगू?"

लेक मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या हाताला शीर पटकन सापडते, असं लोक सांगतात. रविवारी ती आली, चहा घेतला, आणि मी सांगून टाकलं. चाळीस वर्षं लपवलेलं, चहा निवायच्या आत संपलं.

तिनं कप खाली ठेवला. "कुठल्या हौदात?"

"गोठ्यातल्या."

"मी त्यांच्याकडं परत गेलेच नाही, आई. त्यांची हलगी मी फाडली, कुठल्या तोंडानं जायचं? त्यांनी शाळेत निरोप धाडला होता, दुसरं कातडं चढवून देतो म्हणून."

निरोप आलेला मला आठवत होता. दारातनं मीच परतवून लावला होता, एकदा. दुसऱ्यांदाचा तिच्यापर्यंत पोचला, हे मला आत्ता कळलं. आजोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"तवा मी लय शहाणी होते," मी म्हणाले. एरवी अशा बोलण्यावर ती हसते.

नातीनं काही न विचारता आपलं गाणं लावलं. लेक उठून गेली नाही. भिंतीला टेकून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. बेस आला तसे फळीवरचे डबे थरथरले. मी मात्र तिच्या मांडीवरच्या बोटांकडं बघत होते. एकदा तरी ठेका धरतील म्हणून.

गाणं संपलं. बोटं होती तशीच होती.

"कातडं गार आहे," ती आपल्या पोरीला म्हणाली, आणि कप विसळायला उठली.