न्यूट्रलमध्ये उतरलेला घाट

बाबांनी उभं आयुष्य लोडर, म्हणजे मालाची गाडी, चालवला. मोठ नावाच्या गावच्या मंडीतून गहू भरायचा आणि झाशीत आणून टाकायचा. सरळ, सपाट रस्ता. गाडीला कधी ओरखडा नाही, आणि हे ते आमच्या सीपरी मोहल्ल्यात चहाच्या ठेल्यावर कुणालाही ऐकवत. आमच्या घरात आधी शिपाईगिरी, मग हमाली, मग ड्रायव्हरी. कॉलेजची पायरी चढले ती मी पहिली. नोकरी लागल्यावर गाडी घेतली मी, आणि आई-बाबांना पहाडात, मुक्तेश्वरला नेलं तेही मीच. हे सांगायला मला संकोच नाही.

चढताना मीच चालवली. दोन्ही अंगांना बुरांसची झाडं लाल फुलांनी भरलेली. आई सारखी म्हणायची, "थांब ना गं, फोटो काढ." वर बर्फाची शिखरं दिसली तेव्हा तिनं हात जोडले. बाबा मात्र घुम्यासारखे होते. मुलीच्या शेजारी बसून घाट चढणं त्यांना टोचलं होतं. परतीच्या सकाळी त्यांनी काही विचारलं नाही, सरळ जाऊन स्टेअरिंगमागे बसले.

पहिला मोठा उतार लागला तसा त्यांनी गिअर काढला. इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी आपली आपण धावू लागली. झाशीत पुलाच्या उतारावर आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर गाडी अशीच न्यूट्रलमध्ये सोडतात. तेल वाचतं म्हणे.

"बाबा, गिअरमध्ये ठेवा. घाटात नुसत्या ब्रेकवर उतरत नाहीत."

"कॉलेजात शिकवलं का हे?"

"ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं शिकवलं."

"मग त्यालाच आणायचं होतंस. तू गाणी लाव."

"तू चूप बैस गं," आई मागून म्हणाली. "त्यांचं ध्यान भटकतं."

उजवीकडे दरी होती. तळाशी पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं, त्यांत काडेपेट्यांएवढी घरं. एका वळणातून सुटलो की दुसरं, आणि प्रत्येक वळणावर ब्रेक. मग जळका वास आला. बाबांचा पाय पार खाली गेला होता आणि गाडी तशीच पळत होती.

"लागत नाहीये," ते अगदी हळू म्हणाले, जणू स्वतःशीच.

"डोंगराला घाला! डावीकडे!" मी ओरडले आणि हँडब्रेक ओढला. गाडी नालीत उतरली, खडकाला घासत गेली आणि माझ्या बाजूनं आदळून थांबली. मागे आईचं डावं मनगट मोडलं. ती हात मांडीवर घेऊन बघत राहिली.

बाबा उतरून कठड्यापाशी गेले. माझं दार खडकाला चिकटलेलं, म्हणून मी गिअरवरून सरकत त्यांच्या दारानं बाहेर पडले. तेवढ्यात वर येणारा एक ट्रक थांबला. त्याच्या ड्रायव्हरनं धूर निघणारी चाकं पाहिली, मग मला पाहिलं.

"न्यूट्रल में उतार दी? बिटिया चला रही थी क्या, बाबूजी?"

बाबा दरीकडे बघत म्हणाले, "हाँ जी. नई-नई सीखी है."

मी तोंडाची फटकळ. पण त्यांनी बिडी उलट्या टोकानं पेटवली होती. तेव्हा बोलले नाही. नंतर बोलणं आणखी अवघड झालं.

झाशीत आईला बघायला नातेवाईक आले. "डिग्रीनं स्टेअरिंग फिरतं का गं?" काकूनं भर बैठकीत विचारलं. सगळे हसले. बाबा सांगत, "मी शेजारी होतो म्हणून वाचलो. हँडब्रेक मीच ओढला." आई म्हणायची, "हो ना."

रोज सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. हे मला कळलं आईचं प्लास्टर काढायच्या दिवशी. मी दुरुस्त होऊन आलेल्या गाडीची किल्ली घेऊन निघाले तर ते दारात आडवे आले. त्यांच्या डोळ्यांत बनाव नव्हता, भीती होती.

"ऑटोनं जा. तुझ्या हाती मी हिला देणार नाही."

मी आईकडे पाहिलं. तिनं चपला घातल्या, माझ्या गाडीला वळसा घालून रस्त्यावर गेली आणि प्लास्टर नसलेला हात वर करून ऑटो थांबवली.