रोहूची अंडी आणि रामेश्वरभाऊचं इंजिन

पंप बंद पडला तेव्हा मी पांढऱ्या बशीत रोहू माशाची अंडी घेऊन बसले होते. भिजलेल्या साबुदाण्यासारखी टपोरी, आरपार दिसणारी अंडी. आणि प्रत्येक अंड्यात एक बारीक धागा वळवळत होता. तो धागा म्हणजे मासा. पुस्तकात त्याची आकृती मी कितीदा तरी काढली होती, पण आकृती वळवळत नाही. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात पंपाची घरघर थांबली.

"सर, लाइन गेली!"

बोरकर सर, म्हणजे आमच्या केंद्राचे मॅनेजर, ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी गावाकडं पाहिलं. झाडांच्या वर काळा धूर दिसत होता.

"डीपी जळाली," ते म्हणाले. "आता आज काही लाइन येत नाही."

सकाळ नुकती कुठं सरत होती. अंडी फुटायला संध्याकाळ होणार होती.

मी तेव्हा मत्स्यविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या डिग्रीत हे वर्ष वर्गात काढायचं नसतं. कुठल्यातरी केंद्रावर राहायचं, काम करायचं आणि शेवटी रिपोर्ट द्यायचा. माझ्या मैत्रिणींनी कोकणातले कोळंबीचे प्रकल्प घेतले. मला मिळालं अड्याळच्या पुढं तलावाकाठी असलेलं मत्स्यबीज केंद्र. माझं घर मोहाडीचं, विणकराचं. बाबा माग थांबवून म्हणाले, "इतकी शिकली, अन् शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या तलावावर आली न?"

मी मात्र खूश होते. केंद्रावर हॅचरी होती. हॅचरी म्हणजे माशांचं बाळंतपणघर. नर-मादी निवडायचे, त्यांना अंडी घालायला लावणारं इंजेक्शन द्यायचं, अंडी मिळाली की ती सिमेंटच्या गोल हौदात सोडायची. त्या हौदाच्या तळाला बदकाच्या चोचीसारखे तिरपे नळ असतात. वरच्या टाकीचं पाणी त्यांतून आलं की हौदातलं पाणी गोल गोल फिरतं आणि अंडी त्याच्याबरोबर तरंगत राहतात. मधोमध जाळीचा पिंजरा असतो. जास्तीचं पाणी त्यातून बाहेर जातं, अंडी आतच राहतात. पाणी थांबलं तर अंडी तळाला बसतात, एकमेकांवर रचली जातात आणि गुदमरून मरतात.

ही हॅचरी दोन हंगाम बंद होती. मत्स्यबीज, म्हणजे तलावात सोडायची बारीक पिल्लं, बाहेरून ट्रकनं यायचं, उतरवेपर्यंत निम्मं मेलेलं असायचं. मी आल्या दिवसापासून सरांच्या मागं लागले होते, की आपण चालू करू या. शेवटी ते वैतागून म्हणाले, "कर बाई, करून पाह्य. पण बुडालं तर मले सांगू नको."

मी हौद घासले, नळ उघडून स्वच्छ केले, मासे निवडले. आदल्या संध्याकाळी इंजेक्शनं दिली. उजाडताच बघते तर माशांचा हौद अंड्यांनी भरलेला! सर बनियनवरच धावत आले आणि हौदाभोवती नुसते फिरत राहिले. अंडी गोल हौदात सोडून झाल्यावर त्यांनी स्वतः चहा केला. मला नंतर कळलं की हे त्यांनी कधीच केलं नव्हतं.

आणि आता पंप बंद होता. जनरेटर केंद्राला मिळालाच नव्हता. वरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी.

त्या दिवशी हौदाजवळ आणखी एक बाई होत्या. चंद्रकलाबाई, जवळच्या गावातल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. त्यांच्या संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतला होता आणि त्यात सोडायला त्यांना बीज हवं होतं. इथं खरंच अंडी झाली का, हे पाहायला त्या सकाळीच आल्या होत्या.

"मॅडम, पानी बंद झालं त काय होते?" त्यांनी विचारलं.

मला मॅडम म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती. एरवी मी हुरळले असते.

"मरतात बाई, सगळी."

"मंग हालवा न काही! तशा उभ्या काहून राहिल्या?"

सरांनी टाकीचा कॉक अर्धा बंद केला, म्हणजे पाणी जरा जास्त पुरेल. पण हौदातला फेर लगेच मंदावला. चंद्रकलाबाईंनी पदर खोचला आणि हौदाच्या काठावर बसून तळहातानं पाणी गोल ढकलायला लागल्या, अगदी हलक्या हातानं.

तेव्हा मला तलावाकडून आवाज ऐकू आला. टुक टुक टुक टुक. डिझेल इंजिन.

पावसानं दडी मारली होती. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तर थांबवता येत नाही. आमच्या शेजारच्या रामेश्वरभाऊनं तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, इंजिन बसवून आपल्या शेतात पाणी घेणं सुरू केलं होतं.

"सर, रामेश्वरभाऊचं इंजिन!"

सरांचा चेहरा आंबट झाला. उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओढू नको म्हणून त्यांनी त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"तो देत नाही," सर म्हणाले. "आणि मी मागत नाही."

"मी मागते."

मी बांधावरून पळत सुटले. चिखलात एक चप्पल रुतली ती तिथंच सोडली. शेतात दहा-बारा बाया ओळीनं वाकून रोवणा करत होत्या. रामेश्वरभाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, उभा होता. धापा टाकतच मी त्याला सगळं सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "पोरी, माया रोवणा होऊन राहिला. या बाया आज आल्या, उद्या दुसऱ्याच्या वावरात जातीन. इंजिन तुले देऊ अन् मी काय पाहात बसू? आन् तुया साहेब मले पानीचोर म्हणते!"

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याच्या शेताकडं पाहिलं. आमच्या हॅचरीतून बाहेर पडणारं पाणी ज्या नालीतून तलावात परत जायचं, ती नाली नेमकी त्याच्या शेताच्या कडेनं गेली होती. आत्ता ती जवळजवळ कोरडी होती.

"भाऊ," मी म्हटलं, "पाणी तुमचंच राहील. फक्त आमच्या हौदातून फिरून येईल."

"म्हंजे?"

"तुमचं इंजिन आमच्या टाकीत पाणी टाकेल. टाकीतून हौदात, हौदातून या नालीत. नाली इथं फोडा. पाणी तुमच्या बांधीत, धानाला. आम्हाला ते फक्त फिरवायचं आहे, ठेवायचं नाही."

त्यानं नालीकडं पाहिलं, शेताकडं पाहिलं. रोवणा करणाऱ्या बायांपैकी एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, पोरगी बराबर सांगून राहिली! पानी त आपल्याकडंच येते!"

"मले समजते," रामेश्वरभाऊ तिच्यावर खेकसला. ती त्याची बायको होती. त्यानं फावडं उचललं, दोन घाव घालून नाली फोडली, आणि मला म्हणाला, "चाल, पाइप दाखव."

पुढचं सगळं धावपळीत झालं. त्याचा पाइप टाकीपर्यंत पुरेना. आमच्याकडचा एक पाइप जोडला, जोडावर सायकलची ट्यूब करकचून गुंडाळली. सर टाकीच्या शिडीवर चढून पाइपाचं तोंड धरून उभे राहिले. ज्याच्याशी बोलायचं नव्हतं त्याला ते वरून ओरडून सांगत होते, "रामेश्वर, अजून थोडा वर! हां, बस!"

इंजिन सुरू झालं. पाणी आलं. मी हात लावून वास घेतला. पाण्याला डिझेलचा वास होता. अंड्यांसाठी तेलाचा पातळसा थरही विषच.

"सर, टाकीत सोडू नका! पाइप बाहेर करा!"

"अगं, टाकी संपत आली! सोडू दे!"

"सर, नको! आधी पाइप धुतला जाऊ द्या."

ट्रेनीनं मॅनेजरला 'नको' म्हणणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती. सरांनी माझ्याकडं रागानं पाहिलं आणि पाइपाचं तोंड टाकीबाहेर वळवलं. पाणी भिंतीवरून वाया जात राहिलं. खाली हौदातला फेर जवळपास थांबला होता. चंद्रकलाबाईंच्या समोर मी बसले आणि दोघी मिळून हातानं पाणी फिरवत राहिलो. त्या काही पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. नीट ऐकलं तर त्या अंड्यांना म्हणत होत्या, "बसू नोका बापा, बसू नोका."

मधूनमधून मी उठून पाइपाखाली बशी धरत होते. तेलाचा तवंग दिसला, मग थोडा कमी, मग नाहीसा झाला. वासही गेला.

"आता सोडा!"

सरांनी पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं, तलावातले किडे येऊ नयेत म्हणून, आणि तोंड टाकीत घातलं. कॉक पूर्ण उघडला. हौदाच्या तळाचे नळ फुरफुरले, तळाशी बसू लागलेली अंडी उचलली गेली आणि पाणी पुन्हा गोल फिरायला लागलं. चंद्रकलाबाईंनी जोरात टाळी वाजवली. तिकडं शेतातून बायांचा गलका ऐकू आला. नालीचं पाणी बांधीत पोचलं होतं.

इंजिन दिवसभर चाललं. बाया रोवत होत्या, अंडी फिरत होती. दुपारी रामेश्वरभाऊची बायको आम्हाला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण देऊन गेली. सर आणि रामेश्वरभाऊ एकाच चटईवर जेवले. फारसं बोलले नाहीत, पण मीठ मागितलं-दिलं.

ऊन उतरताना मी पुन्हा बशीत पाणी घेतलं. अंडं दिसेना. मग दिसलं, केसासारखं काहीतरी उसळी मारून सरळ झालं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा उसळलं. अंडी फुटली होती.

"सर! निघाली! पिल्लं निघाली!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की रामेश्वरभाऊ इंजिनाजवळून धावत आला. त्याला वाटलं कोणी हौदात पडलं. त्यानं बशी डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे मासोळी होये?"

तळाला बसलेली काही अंडी पांढरी पडून मेली होती. ते नुकसान झालंच. पण बाकी सगळी जगली. तीन दिवसांनी ती पिल्लं जिऱ्याएवढी झाली. आमच्या धंद्यात त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात. चंद्रकलाबाई ती ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून घेऊन गेल्या. टेम्पोत पुढं न बसता त्या मागं पिशव्यांजवळ बसल्या, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

त्या हंगामात आम्ही आणखी अंडी घेतली. बाहेरून ट्रक मागवावा लागला नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी माझा रिपोर्ट चाळला आणि विचारलं, "वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था काय केली?" मी म्हटलं, "शेजारी." ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क बरे मिळाले, फार नाहीत.

आता एक केंद्र मी स्वतः सांभाळते. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं-मुली येतात. पहिल्याच दिवशी माशांना इंजेक्शन द्यायची सगळ्यांना घाई असते. मी त्यांना आधी आजूबाजूच्या शेतांवर पाठवते, ओळख करून घ्यायला. "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?" असं कोणीतरी विचारतंच. नाही, म्हणते. पण मासे तरी कुठं सिलॅबस वाचून अंडी घालतात?