अडाप्टरला वारा
परवा इंटरनेटवरून टीव्हीवर माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम पुन्हा खेळताना, अडाप्टर तापलाय का बघायला हात आपोआप बाजूला गेला, पण तिथे मशीनच नव्हतं. प्रकाशा गावातल्या आमच्या घरात उन्हाळ्यात तो एवढा तापायचा की प्लास्टिकचा वास सुटायचा, मग गेम बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकदा मी शेवटच्या किल्ल्यात पोहोचले आणि नेमका तो वास आला. ओसरीवर गहू पाखडणारी माय सूप घेऊनच आत आली. म्हणाली, "तू खेय, मी वारा घालस." स्वतः घामाने निथळत ती त्या एवढ्याशा डबीला वारा घालत राहिली आणि आम्ही दोघी जिंकलो. परवा तिला सांगितलं, मशीन आता लांब कुठेतरी असतं, घरात फक्त चित्र येतं. माय काळजीने म्हणाली, "मंग तठे त्याले वारा कोन घालस?"