टॅमरॅक रस्त्यावरची हिरवी ओल्ड्समोबिल

मिस्टर ओस्टरहाउसांची गाडी मार्लिस टिफ्टनं घेतली, तेव्हा आमच्या आगारात कुणालाच नवल वाटलं नाही. घेणार तर तीच घेणार होती. मार्लिस आमच्या शाळेच्या बसगाड्यांची मेकॅनिक, आणि मी त्यातलीच एक बस चालवते. हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये पान्हा कसा धरायचा हे तिला लायल ओस्टरहाउस यांनी शिकवलं होतं. त्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पोरं टवाळी करायची, तेव्हा ते शांतपणे म्हणायचे, "हिच्या हातालासुद्धा कान आहेत. तुम्हाला होते ते कुठं गेले?"

त्यांना जाऊन दोन महिने झाले असतील. त्यांच्या बायकोनं, बर्निसनं, मार्लिसला बोलावून घेतलं. "शेडमधली गाडी घेऊन जा पोरी. दुसऱ्या कुणाला नाही द्यायची मला."

गाडी एकोणसत्तर सालची ओल्ड्समोबिल फोर-फोर-टू. गडद हिरवी, दोन दारांची, आणि बॉनेटखाली ट्रक ओढेल असं इंजिन. ती त्यांच्याकडे आहे हे सगळ्या हॅरो क्रीकला माहीत होतं, पण चालताना मात्र आमच्या पिढीत कुणी पाहिली नव्हती. विचारलं की मिस्टर ओस्टरहाउस म्हणायचे, "इंजिनाचं काम निघालंय." चाळीस वर्षं ते हेच म्हणत होते. लोकांनी त्याचा विनोद करून टाकला होता. एखादं काम रखडलं की आमच्याकडे म्हणतात, याचं ओस्टरहाउसांचं इंजिन झालंय.

मार्लिसनं पहिल्या उन्हाळ्यात ते इंजिन गॅरेजात उतरवलं आणि सगळं खोललं. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसली आणि सँडविच हातात तसंच ठेवून म्हणाली, "अगं, काही झालेलंच नव्हतं त्याला."

"म्हणजे?"

"बंद पडून राहिलेली गाडी अडकते तसं अडकलं होतं, तेवढंच. बाकी नव्यासारखं. मग चालवली का नाही त्यांनी?"

"बायकोनं चालवू दिली नसेल," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो.

मार्लिसला गाडी काचेच्या कपाटात मांडून ठेवायची नव्हती, पळवायची होती. तिनं इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलला, मोठा कार्बोरेटर बसवला, धूर बाहेर काढणारे जुने बिडाचे नळ काढून लांब पोलादी नळ लावले. काढलेला एकही तुकडा टाकला नाही. तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवला. पुढच्या जूनमध्ये तिनं पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा आम्ही सगळे तिच्या अंगणात हॉट डॉग खात उभे होतो. आवाज असा आला की शेजारचा कुत्रा पायऱ्यांखाली शिरला तो तासभर बाहेर आलाच नाही. आणि मार्लिस शाळकरी पोरीसारखी हसत होती. तिचं तसं हसणं मी तेव्हा शेवटचं पाहिलं.

ऑगस्टमध्ये तिनं पत्र्याचं काम काढलं. पुढच्या उजव्या मडगार्डवर लोहचुंबक धरलं, तर ते चिकटेना. म्हणजे रंगाखाली पत्रा नव्हता, भराव होता. तिनं घासायला घेतलं. खाली शिसं निघालं, वितळवून इतकं बारीक बसवलेलं की बोटांना पत्ता लागू नये. तो हात तिनं लगेच ओळखला. वर्कशॉपमध्ये मिस्टर ओस्टरहाउस हेच तर शिकवायचे. डोळे मिटा आणि हात फिरवा. हाताला कळलं नाही, तर जगात कुणालाच कळणार नाही.

तिला तेव्हा आनंदच झाला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. जणू सर पुन्हा शेजारी येऊन उभे राहिले होते. त्याच आनंदात तिनं मडगार्ड सोडवलं. आत, दिव्याच्या मागच्या खाचेत, सुकलेला चिखल होता, उंदराचं घरटं होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक बोटभर पत्र्याचा बिल्ला अडकलेला होता.

तसले बिल्ले आमच्या गावात पूर्वी सायकलींना मिळायचे. टाउन हॉलमध्ये जायचं, नाव सांगायचं, बिल्ला घेऊन सीटच्या मागं अडकवायचा. तिनं तो अंगठ्यानं पुसला. हॅरो क्रीक, १९७१, आणि खाली ३१८.

एकाहत्तर साल म्हटलं की आमच्या गावात एकच गोष्ट आठवते. कीथ बायर्ली नावाचा अकरा वर्षांचा मुलगा ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी टॅमरॅक रस्त्यानं सायकलवरून घरी निघाला होता. मागून कुठल्यातरी गाडीनं त्याला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. मुलगा चरात सापडला. गाडी कधीच सापडली नाही. बाहेरगावचा कुणीतरी असणार, असं सगळे म्हणाले, आणि पुढंही तेच म्हणत राहिले.

मार्लिसनं महिनाभर कुणाला काही सांगितलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की ती वाळत चालली होती. एकदा तिच्या गॅरेजात गेले तर बॉनेटच्या उजव्या बाजूला ठेवलेला पान्हा घ्यायला ती पुढून दोन पावलं न जाता गाडीला मागून वळसा घालून आली. मी विचारलं, "हे काय गं?"

"तिथून जाववत नाही," ती म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. बिल्ला तिच्या शर्टाच्या खिशातच होता. "घासायला घेतलं की सरांचा आवाज ऐकू येतो. हळू, मार्लिस, घाई नको. आणि मग वाटतं, हे काम त्यांनी केलं तेव्हा तो मुलगा नुकताच पुरला असेल. किती सावकाश केलंय बघ. एक रेघ नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तळ्यात टाक तो बिल्ला. मेलेला माणूस आता काय भोगणार आहे?"

"तू टाकशील?" तिनं तो माझ्यासमोर धरला. मी हात मागे घेतला.

आधी ती बर्निसकडे गेली. मला बरोबर नेलं, एकटीनं जायचं धैर्य नव्हतं म्हणून. बर्निसनं कॉफी ओतली, भोपळ्याचा केक कापला. मार्लिसनं बिल्ला टेबलावर ठेवला. म्हातारीनं तो हातात घेतला नाही, नुसता बघितला.

"आमचं लग्न त्र्याहत्तरला झालं," ती म्हणाली. "गाडी तेव्हापासून ताडपत्रीखालीच होती. चर्चला जायला टॅमरॅकवरून दहा मिनिटं लागतात. लायल मला जन्मभर पुलाकडून फिरवून नेत राहिला. मी म्हणायचे, त्याला नदी बघायला आवडते."

"तुम्ही कधी विचारलं नाही, मिसेस ओस्टरहाउस?"

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं," बर्निस म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं." मग केकची बशी मार्लिसकडे सरकवत म्हणाली, "ग्वेनला सांग. मी गेल्यावर सांगितलंस तर मला सुटल्यासारखं होईल. तसं नको. आत्ताच सांग."

ग्वेन बायर्ली म्हणजे कीथची मोठी बहीण. ती किराणा दुकानात ब्रेडच्या काउंटरवर असते. गावातल्या प्रत्येक वाढदिवसाच्या केकवर नाव तीच लिहिते. तिनं लग्न केलं नाही. आईवडिलांचं सगळं केलं आणि त्याच घरात राहिली. मार्लिसनं तिला दुकानामागच्या बाकावर बसवून सांगितलं. मी चार हात लांब उभी होते.

ग्वेननं ॲप्रनला हात पुसले आणि बिल्ला घेतला. "माझा तीनशे सतरा होता," ती म्हणाली. "एकाच दिवशी काढले होते आम्ही. तीनशे अठरा मला हवा होता, पण त्यानं रडून घेतला." तिनं आकड्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "गाडी चालते?"

"चालते."

"मोठा आवाज आहे तिचा? उन्हाळ्यात तुझ्या घराकडून ऐकू यायचा, तोच का?"

मार्लिसला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "तो आवाज माझा आहे, ग्वेन. मी बदललीय ती. त्या वेळी अशी वाजत नसणार."

"मग तेव्हा वाजायची तशी कर," ग्वेन म्हणाली. "मला ऐकायचीय."

"कशाला गं? कशाला त्रास करून घेतेस?"

"पंचेचाळीस वर्षं मी एकच विचार करतेय, मार्लिस. त्याला आधी कळलं की नाही. डॉक्टर म्हणाले काही कळलं नसेल. पाद्री म्हणाले तेच. त्यातलं कुणी तिथं होतं का? गाडी होती. गाडीलाच विचारू दे मला."

मार्लिसनं गाडी उलटी बांधायला घेतली. नवा कॅमशाफ्ट काढून जुना घालायचा म्हणजे इंजिनाचं पुढचं सगळं पुन्हा उघडायचं. पोलादी नळ उतरले, बिडाचे चढले. छोटा कार्बोरेटर परत आला. जुने सायलेन्सर गंजून गेले होते, ते तिनं लॅन्सिंगच्या भंगारवाल्याकडून त्याच बनावटीचे शोधून आणले. मी संध्याकाळी कॉफी घेऊन जायची. पूर्वी काम करताना ती शीळ घालायची, आता नुसता पान्ह्याचा आवाज. एकदा म्हणाली, "सुधारणा करायला मजा येते. हे म्हणजे कबर उकरण्यासारखं आहे." पण हयगय तिनं कशातच केली नाही. मडगार्डही परत लावलं, शिसं उघडं ठेवून, रंग न देता.

ऑक्टोबरात, दिवे लागायच्या आधी, आम्ही टॅमरॅक रस्त्यावर गेलो. दोन्ही बाजूंना मका उभा होता, वाळून कडक झालेला. ग्वेननं ती जागा न शोधता दाखवली. रस्त्याच्या कडेला ती गाडीकडे पाठ करून उभी राहिली, घराकडे तोंड करून, तो जसा असेल तशी. मला म्हणाली, "तू माझा हात धर. मी वळले तर वळू देऊ नकोस."

मार्लिस गाडी घेऊन वरच्या चौरस्त्यापर्यंत गेली. आधी फक्त मक्याची सळसळ होती. मग लांबून काहीतरी आलं, आवाज म्हणावा असंही नाही, पायाखालच्या खडीत जाणवेल असं. मग घरघर. मग ती वाढत गेली, मक्याच्या भिंतीतून सरळ आमच्याकडे, आणि ती संपतच नव्हती. मी बस चालवणारी बाई, मला रस्त्याची भीती वाटत नाही. त्या दिवशी मात्र मला चरात उडी मारावीशी वाटली. ग्वेनच्या हाताची बोटं माझ्या हातात रुतली होती. गाडी आमच्याजवळून मधल्या रेघेच्या पलीकडून गेली आणि तिच्या वाऱ्यानं ग्वेनचा स्कार्फ उडाला.

पुढं जाऊन मार्लिसनं गाडी थांबवली. उतरून ती दाराला धरून उभी राहिली.

"ऐकलं त्यानं," ग्वेन म्हणाली. ती रडत नव्हती. "भरपूर आधी ऐकलं. आणि मला माहितीये त्यानं काय केलं. असली गाडी आली की तो सायकल चालवता चालवता मागं वळून बघायचा. आई ओरडायची त्याला. वळला की हँडल वळायचं. तो वळला असणार, बघायला."

"म्हणजे सरांची चूक नव्हती, असं म्हणतेस?" मार्लिसनं विचारलं. विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"वळला ही त्याची चूक," ग्वेन म्हणाली. "थांबले नाहीत ही त्यांची. पहिली मी माफ केली." आणि ती चालत घराकडे निघाली. गाडीत बस म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली.

नंतर शेरिफकडे जाऊन मार्लिसनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता कुणावर काय करणार. शाळेच्या वर्कशॉपच्या दारावर मिस्टर ओस्टरहाउसांचं नाव होतं ते सुट्टीत कुणीतरी उतरवलं. कुणी, ते विचारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. बर्निसला पुढच्या थंडीत वृद्धाश्रमात हलवलं. ग्वेन तिला एकदा भेटून आली. काय बोलणं झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. परत गेली नाही एवढं मात्र खरं.

गाडी मार्लिसकडेच आहे. विकायची तर घेणाऱ्याला सांगावं लागेल, आणि सांगितलं की माणसं दोनच प्रकारची निघतात. काही मागच्या मागे जातात. ओहायोचा एक जण मात्र ऐकून डोळे चमकवत म्हणाला, "मग तर मी दुप्पट देतो." त्याला तिनं फाटकाबाहेर काढलं. मोडीतही द्यायला नेली होती एकदा, भंगारवाल्याच्या दारातून परत आणली. म्हणाली, "मग बायर्लींचा पोरगा फक्त सांगण्यापुरता उरेल."

म्हणून ती गॅरेजात उभी आहे आणि मार्लिसचा स्वतःचा ट्रक बाहेर बर्फात. उन्हाळ्यात शनिवारी तरणी पोरं असल्या गाड्या घेऊन मेन स्ट्रीटवर फेऱ्या मारतात. लांबून आवाज आला की आगारातली आम्ही सगळी माणसं हातातलं काम टाकून गाडी बघायला बाहेर येतो. मार्लिसही येते. पण ती गाडीकडे बघत नाही. ती रस्त्याची कड बघते, गाडी येईल त्याच्याही पुढं, कुणी आहे का म्हणून.