मार्करचं टोपण

मीटिंगमध्ये कोणी "सगळं नव्यानं लिहून काढू" म्हणालं, की आक्का हात पुढे करायच्या, त्याच्याकडून मार्कर घ्यायच्या आणि टोपण लावून विचारायच्या, "आधी चालतंय काय ते सांग की रं."

बहुतेक वेळा तो 'कोणी' मीच असायचो. टिळकवाडीत एका बंगल्याच्या माडीवर आमचं ऑफिस. शाळांसाठी हजेरी आणि निकालाचं सॉफ्टवेअर करायचो. पुढची आवृत्ती मी दोनदा मुळापासून लिहायला घेतली, दोनदा अर्ध्यावर टाकली आणि तिसरीची स्वप्नं बघत होतो. नव्याची हौस कशी असते, तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडे शाळा कंटाळल्या होत्या. एप्रिलचा निकाल मराठी आणि कन्नड दोन्हींत निघाला नाही तर सोडतो, असं त्यांनी कळवलं होतं. शाळा गेल्या की ऑफिसला कुलूप.

आक्का शहापूरच्या विणकर घरातल्या. आम्ही लिहिलेलं तपासून चुका काढायचं काम त्यांच्याकडे. एका रविवारी त्यांनी ऑफिसातल्या आम्हा चौघांना घरी नेलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला होता. त्यांचे भाऊ जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवून नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडत होते. मी शहाणपणानं विचारलं, जुनं कापून सगळं नव्यानंच का ओवत नाही?

भाऊ मान वर न करता म्हणाले, "मग माग कवा चालायचा?"

 आक्कांनी चहा मात्र मला दोनदा दिला.

सोमवारपासून आम्ही झपाटल्यासारखे लागलो. जुनं चालतं ठेवून आधी नवी हजेरी जोडली, मग गुणपत्रक, मग निकाल. दर शुक्रवारी एक तुकडा शाळांकडे जायचा. इतकी मजा मला कॉलेजातही आली नव्हती. "हजेरी चालतीया," असं आक्का म्हणाल्या त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो.

एप्रिलात संकेश्वरहून एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. निकाल दोन्ही भाषांत छापून झाले होते. खूश होऊन त्यांनी विचारलं, "आता ती नवी आवृत्ती बसवायला कधी येताय?"

"बाई, तीच चालू आहे," मी म्हटलं. शेजारी आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

गेल्या दिवाळीनंतर त्या निपाणीला लेकीकडे राहायला गेल्या. परवा पुढच्या आवृत्तीची मीटिंग होती. कल्पनांवर कल्पना सुचत होत्या, हात थांबत नव्हता. फळ्यावर 'सगळं नव्यानं' एवढं लिहिलं आणि सवयीनं मार्कर डावीकडे पुढे केला. खुर्ची रिकामी होती. आक्कांची फार आठवण आली. मग टोपण मीच लावलं, आणि चालतंय काय ते एकेक करून सांगायला लागलो.