सेमेनीच्या स्टुलावरचा निकाल

समुद्रकाठच्या टांगा गावच्या न्गामियानी पेठेत वेण्या घालणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत, पण रहस्यकादंबऱ्यांचा निकाल लावणारी एकच. सेमेनी. तिचं दुकान म्हणजे पत्र्याची खोली, दोन स्टुलं, कोपरा उडालेला आरसा आणि खिळ्यांना टांगलेली काळी, तपकिरी, एक तर चक्क निळं, अशी गंगावनं. उरलेली जागा पुस्तकांनी खाल्लेली. पहाटेच्या अजानीपासून दुकान उघडेपर्यंत ती दारात बसून वाचायची आणि मग दिवसभर, बोटं दुसऱ्याच्या डोक्यात आणि तोंड आपल्या कामात, वाचलेल्याचा पंचनामा करायची.

बसस्टँडवर चादर अंथरून पुस्तकं विकणारे किहियोबाबा नवीन आलेली प्रत आधी तिच्याकडे धाडायचे. सेमेनीने चांगलं म्हटलं की ते पुस्तक ढिगाच्या वर. नाक मुरडलं की तळाला, आणि तिथून यथावकाश शेंगदाण्याच्या पुड्यांना. दारेसलामचे प्रकाशक काहीही छापोत, टांगा गावात चालायचं ते सेमेनीचं.

म्हणूनच त्या गुरुवारी अशुरा तिच्या स्टुलावर येऊन बसली तेव्हा तिचा जीव टांगणीला लागलेला होता. अशुरा स्टँडवरच्या एका बसकंपनीच्या खिडकीत तिकिटं द्यायची. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात तिने एक रहस्यकादंबरी लिहिली होती, आणि ती छापूनही आली होती. मुखपृष्ठावर मात्र नाव होतं सी. के. म्लावा. बाईचं नाव बघून खुनाचं पुस्तक कोण उचलतो, असं प्रकाशक म्हणाला आणि अशुराने मान डोलावली. ही गोष्ट तो आणि ती सोडून कोणाला ठाऊक नव्हती. दुसरी कादंबरी निम्म्यावर येऊन अडली होती. तिने मनाशी ठरवलं होतं, पहिलीला सेमेनीने बरं म्हटलं तर दुसरी पुरी करायची. नाही म्हटलं तर सगळे कागद शेंगदाणेवाल्याला देऊन टाकायचे आणि पुन्हा लेखणी धरायची नाही.

पण निकाल काही लागेना. किहियोबाबांच्या चादरीवर ते पुस्तक ना वर ना खाली, बाजूलाच पडून होतं. विचारलं की म्हणायचे, "सेमेनी वाचतेय अजून." जी बाई दोन पहाटेत पुस्तक संपवते ती या एकाला इतके दिवस का धरून बसलीय, या विचाराने अशुराची झोप उडाली होती. शेवटी सुट्टी काढून ती स्वतःच आली.

"कुठल्या घालू?" सेमेनीने विचारलं. जाडजूड बाई, आवाज बसका, चष्मा दोऱ्याने गळ्यात लटकवलेला.

"बारीक. अगदी बारीक."

"म्हणजे दिवस माझा. काय करतेस गं तू?"

"स्टँडवर तिकिटं देते."

सेमेनीचा कंगवा क्षणभर थांबला. "बस मग नीट," ती म्हणाली आणि केसांत भांग पाडायला लागली.

शेजारच्या स्टुलावर झुवेना होती. कोपऱ्यावर तळलेली मासळी विकणारी ही बाई आपला नंबर लागेपर्यंत मांडीवर उकडलेल्या मोगोच्या कंदाची आणि मिरचीची वाटी घेऊन बसायची, आणि नंबर लागून गेल्यावरही बसायची. "ताई, ते जुळ्या भावांचं झालं का वाचून?" तिने विचारलं.

"झालं आणि तळाला गेलं," सेमेनी म्हणाली. "शेवटच्या दहा पानांत सांगतो, खून जुळ्या भावाने केला! अरे बाबा, आपल्याकडे बाईला जुळं झालं की आख्खी पेठ तिला मरेपर्यंत जुळ्यांची आई म्हणून हाक मारते. तिचं खरं नाव नवरासुद्धा विसरतो. आणि याच्या गावात कोणाला पत्ताच नाही? असा लेखक माझ्या दारात आला असता तर अर्ध्या वेण्या घालून सोडला असता."

झुवेना हसता हसता मोगो गिळायला विसरली.

"आणि तो हॉटेलात बसून चिप्स खाणारा पोलीस?"

"त्याच्याबद्दल बोलू नकोस, माझं डोकं फिरतं. सगळा तपास फोनवर! एकदा तरी गल्लीतल्या चहावालीला विचार की रे, की त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं. चहावालीला विचारलं असतं तर पुस्तक वीस पानांत संपलं असतं, म्हणून नाही विचारलं मेल्याने." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पण तुला सांगते, ते मचव्याचं पुस्तक... बुडालेल्या मचव्याचं. काय लिहिलंय बाई! मला वाटत होतं सुकाणूवाल्याने केलं, वाटत होतं बायकोने केलं, आणि शेवटी कळलं तेव्हा मक्याच्या पिठाची उगाली करपून कोळसा झाली चुलीवर. मी तशीच बसून राहिले. वाटलं, माणसाचं मन इतकं खोल असतं आणि आपण रोज त्याच्यावरून चालतो."

अशुरा ऐकत होती आणि भारावून जात होती. तिने आजवर एवढंच ऐकलं होतं की सेमेनी सातवी शिकलेली. नवरा ट्रकवर होता, दारेसलामच्या प्रत्येक फेरीला एक पुस्तक आणायचा. एका फेरीनंतर तो आलाच नाही. पोलीस म्हणाले अपघात असेल, दीर म्हणाला देवाची मर्जी. सेमेनीने आधीच्या फेरीत त्याच्या सदऱ्याला आलेला सूर्यफुलाच्या कच्च्या तेलाचा वास आठवला, आणि ते तेल जिथे गाळतात त्या सिंगिडाला महिन्याभरात त्याला दुसऱ्या संसारात शोधून काढलं. भांडली नाही. फक्त दारात उभी राहून म्हणाली, "पुस्तकं माझी," आणि पेटी उचलून परत आली. गावात ही हकिकत हसत सांगितली जायची, पण आज त्या बाईची बोटं डोक्यात फिरताना अशुराला तिची भीतीच वाटली.

दुपारपर्यंत निम्मं डोकं झालं. उजवी बाजू बारीक चकचकीत वेण्यांची, डावी पिंजारलेली. आणि मग झुवेनाने तो प्रश्न विचारला.

"आणि ते खोबऱ्याच्या गोदामाचं? म्लावाचं?"

अशुराने उठून जावं म्हटलं तर सोय नव्हती. अर्धं डोकं पिंजारून टांगा गावच्या रस्त्यावर पळणारी बाई एकतर वेडी असते नाहीतर तिच्या घराला आग लागलेली असते.

"ते," सेमेनी म्हणाली. "ते मी तीनदा वाचलं."

"इतकं चांगलं?"

"इतकं खोटं."

अशुराने डोळे मिटून घेतले. झालं. शेंगदाणेवाला डोळ्यांसमोर आला.

"गोष्ट ऐक," सेमेनी झुवेनाला म्हणाली. "खोबऱ्याचा व्यापारी. घरात त्याची बहीण, मुलांची आत्या. जन्मभर माडांची वाडी तिने सांभाळली, आणि हा ती विकायला निघालाय. घरात एक लग्न होतं, आत्या मिरवते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रखवालदार गोदाम उघडतो तर हा आत मेलेला. शेवटी काय, तर ड्रायव्हरने डोक्यात घातलं, तिजोरीसाठी. ड्रायव्हर फासावर. संपलं."

"मग? ड्रायव्हर तर नेहमीच करतात."

"ड्रायव्हरने केलेलं नाही. आत्याने केलं."

झुवेनाने वाटी खाली ठेवली.

"लग्नात आत्याच्या डोक्यावर काय आहे? बारीक वेण्या, ताज्या, महिनाभर टिकणाऱ्या. लिहिलंय तसं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाला चहा ओतते तेव्हा? तेव्हा तिच्या डोक्यावर आहे ‘चला रडायला’!"

‘चला रडायला’ म्हणजे जाडजाड चार-पाच ओळींची ती घाईची वेणी. कोणी गेल्याचं कळलं की बायका भराभर तीच घालून मयताच्या घरी धावतात.

"आता तू मला सांग झुवेना, मढं सापडलं दुपारी. सकाळी तर तो जिवंत, चहा पितोय. मग ही बाई रात्रभर बसून, सोन्यासारख्या वेण्या उसवून, रडायची वेणी कशाला घालते?"

"अगं बाई!" झुवेनाने तोंडात बोट घातलं.

"कारण तिला ठाऊक आहे, दुपारी आपल्याला भावाच्या मयताला बसायचंय. चहात जे कालवायचं ते आधीच कालवून झालंय. खून करताना हात कापला नाही तिचा, पण लग्नाच्या वेण्या घालून मयताला बसले तर बायका नावं ठेवतील, हे तिला सोसवेना. बाईमाणूस आहे, अगदी खरी. अशी खुनी मी आजवर पुस्तकात पाहिली नाही. आणि लेखकाने तिला शेवटी कोपऱ्यात रडत बसवली आणि एका गरीब ड्रायव्हरला लटकवलं."

अशुराच्या पहिल्या खर्ड्यात आत्यानेच खून केला होता. विषाने. शेवटी पकडली जायची ती याच वेणीमुळे. छापायला देण्याआधी अशुराने शेवट बदलला, विष काढून टाकलं, ड्रायव्हर आणला. वेणी काढायची मात्र विसरून गेली. प्रकाशकाला ती दिसली नाही, अक्षरं जुळवणाऱ्याला दिसली नाही. आणि या बाईने एका वेणीचं टोक धरून तिने पुरून ठेवलेली आख्खी कादंबरी बाहेर ओढली होती. भीती कुठल्या कुठे गेली. असं कोणी आपल्याला वाचू शकतं, या नुसत्या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग लेखकाने असं का केलं असेल?" झुवेना विचारत होती.

"घाबरला. घरातल्याच कोणाला तरी. पण घाबरला म्हणू नकोस, घाबरली म्हण. पुरुष लिहितो, ‘तिने केस बांधले होते’, आणि पुढे जातो. लग्नाची वेणी आणि मयताची वेणी लांबून ओळखणारा म्लावा मिशीवाला असेल तर मी दुकान बंद करते."

उन्हं उतरली तशी झुवेना चूल पेटवायला गेली. सेमेनीने गरम पाण्याचं भांडं पुढे ओढलं आणि वेण्यांची टोकं एकेक मूठ करून त्यात बुडवायला लागली, म्हणजे ती उसवत नाहीत.

"ड्रायव्हरचं नाव निघालं तेव्हा तुझी मान ढिली होती," ती म्हणाली. "आत्याचं निघालं आणि अशी आकडली की माझा कंगवा अडला."

अशुराला आता लपवावंसं वाटेना. "मला आत्याने वाढवलंय," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. पुस्तकातली आत्या बोलते तशीच ती बोलते. चमचा उलटा धरून दांड्याने चहा ढवळते, तेही मी घातलं. मग वाटलं, हिला कोणी वाचून दाखवलं तर? जिने घास भरवला तिला मी खुनी केलं, असं वाटेल तिला."

"तुझ्या आत्याने कोणाला मारलंय का?"

"छे! कोंबडी कापायची म्हटली तरी शेजाऱ्याला बोलावते."

सेमेनी खदखदून हसली. मग ओले हात पुसले. "मी हे पुस्तक इतके दिवस का ठेवून घेतलं माहितीय? एक म्हातारी आली होती. अंगावरच्या खांग्याच्या कापडाखाली दडवून पुस्तक आणलं होतं. म्हणाली, माझ्या भाचीच्या पलंगाखाली असलीच वीस पडलीत, पोरगी कशात तरी अडकलीय, मला वाचता येत नाही, तू वाच. ती तिकिटाच्या खिडकीत बसून सारखं काहीतरी लिहीत असते, मला वाटायचं हिशेब लिहिते. तर मी रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. झुवेना चूल पेटवायला गेली की म्हातारी यायची, चार-चार वेण्या घालून घ्यायची आणि ऐकायची."

अशुरा वळली. अर्धी मूठ वेण्या सेमेनीच्या हातातून सुटून पाणी उडालं.

"वळू नकोस, भाजशील. चहाचा चमचा आला तेव्हा तिने माझा हात धरला. एक शब्द बोलली नाही. संपेपर्यंत नाही."

"आणि संपल्यावर? काय म्हणाली?"

"ते तिलाच विचार. मी फक्त पुस्तकांचा निकाल देते."

"मग द्या की. वर की तळाला?"

सेमेनीने तिच्या डोक्यावरून हात फिरवून ओळी तपासल्या. "किहियोला निरोप पाठवलाय, बाजूलाच ठेव म्हणून. दुसरं आलं की दोन्ही एकदम ठरवीन. खोटं बोलायचं असेल तर दुसऱ्याच्या दुकानात जा."

अशुरा घरी कशी पोचली तिला कळलं नाही. मोगऱ्याच्या कुंपणाशी ती थांबली. आत आत्या चुलीपुढे बसून चहा ढवळत होती, चमचा उलटा, दांडा पातेल्यात. डोक्यावरचा खांगा उकाड्याने मागे सरकला होता. खाली बारीक वेण्या होत्या, कानापासून टाळूपर्यंत वळत गेलेल्या. दिवसभर त्याच हातांखाली बसून आलेली अशुरा त्या ओळखणार नाही असं कसं होईल. इतके दिवस त्या या घरात होत्या, आणि खुनाची पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला दिसल्या नव्हत्या.

"ये," आत्या वर न बघता म्हणाली. "छान घातल्यात. सेमेनीच्या ना?"

"आत्या," अशुरा म्हणाली आणि चुलीपाशी येऊन बसली.

आत्याने चहा ओतला, कप तिच्यापुढे सरकवला. मग चमचा पदराने पुसत ती हळूच म्हणाली, "एवढं सगळं मला करायला लावलंस. वाडी माझी होती, राग माझा होता, रात्रभर जागून वेण्या मी उसवल्या. आणि शेवटी कोपऱ्यात बसवून रडायला लावलंस? ड्रायव्हर बिचारा कोणाचा कोण." तिचे डोळे चुलीच्या उजेडात चमकत होते. "पुढच्या वेळी भिऊ नकोस. माझा खून मला करू दे."